उजव्या पुठ्ठ्यावरचा डाग

१

चोर गुरं पळवतात आणि त्यांच्यावरचा मालकीचा डाग बदलतात, हे आमच्या सँडहिल्समध्ये, या वाळूच्या टेकड्यांत, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कोणी गुपचूप येऊन एका विधवेच्या गुरांवर तिच्याच माहेरचा डाग उठवून जातं, असं मी साठी ओलांडेपर्यंत ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला होता. लिलावाच्या आवारात ग्लेंडा पॉस्पिशिल एकेक गाय अडकवून धरायच्या लोखंडी खोड्यात घेऊन भादरत होती. ग्लेंडा म्हणजे सरकारी डागतपासनीस. तिने मान हलवल्याशिवाय इथे गायीची शेपटीसुद्धा विकली जात नाही. थंडीची लव दाट झाली की डाग झाकून जातात, म्हणून केसांवरून मशीन फिरवावं लागतं. डाव्या बरगडीवर दोन तिरक्या रेघा निघाल्या. तो डेलमार ब्रेमरचा डाग, तो असणारच होता. मग तिने उजव्या पुठ्ठ्यावरून सहज मशीन फिरवलं आणि ती थांबली.

"आर्डिथ, जरा इकडे ये गं."

आर्डिथ म्हणजे डेलमारची बायको. फेब्रुवारीत तो गेला. ती काठी टेकत आली आणि पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. एक आडवी रेघ आणि तिच्यावर पालथी चंद्रकोर.

"हा माझ्या बापाचा डाग आहे," ती म्हणाली. "इथे कुठून आला?"

"तेच तुला विचारतेय. डाग अजून तुझ्या नावावर आहे ना?"

"आठवण म्हणून नोंद चालू ठेवलीय. पण माझी एकही गाय नाही. डाग उठवायची डागणी स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलीय, पातेल्यांच्या शेजारी!"

ग्लेंडाने दुसरी गाय घेतली, तिसरी घेतली. प्रत्येकीच्या उजव्या पुठ्ठ्यावर चंद्रकोर होती. तिने मशीन बंद केलं.

"नंतरचा डाग खरा धरायचा, असा नियम आहे, आणि चंद्रकोर नंतरची आहे. माझ्या लेखी ही गुरं डेलमारची नाहीत, तुझी आहेत. आणि मालक कोण हे नक्की झाल्याशिवाय मी लिलाव होऊ देणार नाही."

कुंपणावर रॉइस टली रेलला होता. गुरांचा दलाल, आणि शेजाऱ्याची जमीन दिसली की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं असा माणूस. तो मोठ्याने हसला.

"अभिनंदन, आर्डिथबाई! नवऱ्याने दिलं नाही ते देवाने दिलं."

"तोंड आवर, गिधाडा," आर्डिथ म्हणाली.

ट्रकपाशी कर्टिस ब्रेमर उभा होता. डेलमारच्या पहिल्या बायकोचा मुलगा. बाप गेल्यापासून गुरं त्याच्या राखणीत होती, त्यानेच ती आणली होती. आर्डिथच्या दिशेने त्याने थुंकायचं तेवढं काम केलं.

मी विल्डा क्रॅमर. पेंडीच्या दुकानाशेजारी माझी खोली आहे आणि अर्ध्या तालुक्याच्या कराचे कागद मी भरते. तिथे जमलेल्यांत एकटीला मला कळलं होतं की ही गुरं आर्डिथची ठरली, तर आर्डिथ बुडाली.

२

"अगं, माझी गुरं मला मिळाली, त्यात बुडायचं काय?" आर्डिथ माझ्यावरच खेकसली.

मी तिला आवाराच्या कोपऱ्यात नेलं. ग्लेंडाही आली.

"नीट ऐक," मी म्हटलं. "कर नफ्यावर असतो. विकून आलेल्या पैशातून मूळ किंमत वजा करायची, उरला तो नफा. घरच्या गायीच्या पोटी जन्मलेल्या गायीची मूळ किंमत किती?"

"विकत कुठे घेतली? काहीच नाही."

"म्हणजे शून्य. विकलीस की सगळाच पैसा नफा. पण मालक मेला की त्याच्या मालाला नवी मूळ किंमत लागते. तो गेला त्या दिवशीचा बाजारभाव. आयुष्यभराचा नफा त्याच्याबरोबर मातीत जातो आणि वारसाला विकताना कर जवळजवळ पडतच नाही. पण हे फक्त मरणाऱ्याच्या मालाला. मागे राहिलेल्या बायकोचं जे स्वतःचं होतं, ते होतं तिथेच राहतं."

"शून्यावर," आर्डिथ हळू म्हणाली.

"शून्यावर."

आमच्याकडचे म्हातारे उगीच नाही गुरं-जमीन शेवटच्या श्वासापर्यंत धरून बसत. मरणाइतका स्वस्त सल्लागार नाही, असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना हसतात.

डेलमारच्या मृत्युपत्रात गोष्ट साधी होती. घर, टेकड्या आणि सगळी गुरं आर्डिथला. नदीकाठचं गवताचं कुरण कर्टिसला. मात्र वर्ष संपायच्या आत आर्डिथला ते कुरण त्याच्याकडून ठरल्या भावाने घेता येईल. हिवाळ्यात सगळ्या कळपाचा चारा त्या कुरणातून येतो. ते गेलं तर टेकड्यांवर फक्त वाळू आणि वारा राहणार. म्हणून निम्मा कळप विकायचा, कुरण घ्यायचं आणि उरलेल्या निम्म्यावर पुन्हा उभं राहायचं, असा बेत तिने आणि मी मिळून केला होता. तो नेमका बसत होता, इकडे तिकडे बोटभरही जागा नव्हती. कराने पाचवा हिस्सा नेला तर कुरण रॉइसच्या घशात जाणार होतं. रॉइसने आणि कर्टिसने आधीच हातावर हात मारल्याचं गावभर झालं होतं.

"आता डोकं चालवा," मी म्हटलं. "गुरं डेलमारची असली तरी मृत्युपत्राने आर्डिथकडेच येतात. डाग मारणाऱ्याला गाय मिळाली नाही, वासरू मिळालं नाही. मग त्याने केलं काय? एका बाईला तिच्याच गाई दिल्या, आणि देऊन तिला कराच्या खड्ड्यात ढकललं. ही चोरी उलट्या बाजूने केलेली आहे. आणि ज्याला हा कायदा कळतो त्यालाच ती सुचणार."

ग्लेंडाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तो कळणारं गावात एकच माणूस आहे, विल्डा. तू."

"मी डागणी हातात धरली तर स्वतःचाच पाय भाजून घेईन."

"उद्याच्या लिलावापर्यंत तुला वेळ देते," ती म्हणाली. "त्यानंतर मी गुरं आर्डिथच्या नावाने लिहून मोकळी होणार."

३

रॉइस लिलावघराच्या खाणावळीत मांस-घेवड्याची चिली ओरपत बसला होता, त्यात दालचिनीचा गोड रोल बुडवून. मी समोरची खुर्ची ओढली.

"या, बाईसाहेब. कर वाढलाय की काय?"

"तुला कायदा बरा कळतो, रॉइस. मूळ किंमत, मृत्यूच्या दिवशीचा भाव."

"कळतो की! माझ्या आईने नेमके भाव चढलेले असताना डोळे मिटले. तिची जमीन मी लगेच विकली, छदाम कर भरला नाही. गुणी बाई होती."

असल्या माणसाच्या डोक्यावर चिलीचं भांडं पालथं घालावंसं वाटतं. मी हात मांडीवर ठेवले.

"आर्डिथला पैसे कमी पडले तर कुरण तुला मिळतं."

"मिळतं. म्हणून मी रात्री तिच्या गाई डागत फिरलो? माझे गुडघे बघितलेत का? माझा खोडा गेल्या वर्षीच्या वादळात मोडला, अजून तसाच पडलाय. डागणी घडवायला लोहार मीच गाठायचा, माणसं मीच आणायची, आणि एवढं करून कोणी तोंड उघडलं नाही? या गावात?" तो रोल चावत म्हणाला. "गुरं कोणाच्या कुंपणात होती ते बघा. माझ्या नव्हती."

तो खोटारडा असला तरी हे खरं होतं. त्याचा मोडका खोडा रस्त्यावरूनच दिसतो. मी उठले आणि थेट कर्टिसकडे गेले.

कर्टिस ट्रकचं मागचं दार तारेने बांधत होता. पन्नाशीचा, बापासारखाच रुंद, आणि बोलायला बापाहून महाग.

"गुरं तुझ्याकडे होती," मी म्हटलं.

"होती."

"खोडा तुझ्याकडे आहे. कुरण विकून पैसे तुला मिळणार. तुझ्या कुरणाला बापाच्या मरणाने नवी किंमत लागली, म्हणजे तुला कर नाही. आर्डिथ बुडाली की तुझं सगळं साजरं."

"असेल."

"मग सांग. डाग कोणी मारला?"

त्याने तार पिरगळली. "बापाने."

मला हसूच आलं. "वा! मेलेला माणूस साक्षीला येत नाही, बरं सुचलं रे तुला."

"विचारलंत म्हणून सांगितलं."

"बापाने डाग मारला आणि घरात बायकोला पत्ता नाही? आणि तुला मात्र ठाऊक? तिच्याशी तर तुझं मांजर-कुत्र्याचं वैर."

"तिनंच म्हटलं ना शवपेटीपाशी, की बापाला मी मारलं? माझ्या हौदातला बर्फ फोडताना त्याची छाती धरली आणि मी रॉइसबरोबर बाजाराला गेलो होतो, म्हणून. सगळ्या चर्चसमोर बोलली." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत मला फक्त राग दिसला. "तुम्ही तिच्याच बाजूच्या. जा, तुमचं तुम्ही शोधा."

मला तो पक्का खोटं बोलतोय असं वाटलं. आता फक्त त्याला उघडं पाडायचं राहिलं होतं.

४

आर्डिथच्या स्वयंपाकघरात डागणी खरंच पातेल्यांच्या शेजारी होती. हातभर लोखंडी दांडा, टोकाला रेघ आणि चंद्रकोर, सगळी पांढऱ्या रंगाने रंगवलेली. चंद्रकोरीचं एक टोक तुटकं होतं.

"ते बापाच्या हातून अंगणात पडून तुटलं," आर्डिथ म्हणाली. "त्याच्या सगळ्या गाईंवर चंद्रकोर अशीच बोथट उठायची. लोक हसायचे."

मी डागणी खाली काढली. दांड्यावर रंगाचे जाड ओघळ सुकलेले होते. मी नखाने एक खपली काढली. खालचं लोखंड निळसर काळं होतं, भट्टीतून निघालेल्या लोखंडाला येते तशी झाक. मी ती खपली आर्डिथला दाखवली.

"हे तापवलंय, आणि मग वरून परत रंगवलंय."

"छे गं. भिंतीवरून ही कोणी हलवलीच नाही."

"तू कायम घरात असतेस?"

"कुठे जाणार? गेल्या शरदात खुब्याचं हाड मोडलं तेव्हा नॉर्थ प्लॅटला इस्पितळात पडले होते. त्यानंतर रविवारचं चर्च सोडून पाऊल बाहेर नाही. अंगणापलीकडच्या गाई मी खिडकीतून बघते, आणि डेलमार गेल्यापासून तर त्याही नाहीत, त्या मेल्या कर्टिसच्या कुंपणात गेल्या."

"आणि रविवारी घराला कुलूप?"

"कुलूप? आम्ही काय शहरात राहतो?"

झालं, माझ्या डोक्यात सगळं चटचट जुळलं. उन्हाळ्यातला एखादा रविवार, आर्डिथ चर्चमध्ये. कर्टिस येतो, डागणी नेतो, स्वतःच्या खोड्यात गाई डागतो, पुढच्या रविवारी रंगवून परत टांगतो. कराचा कायदा कोणी शिकवला असेल तर रॉइसने. दोघं मिळून एका म्हातारीला लुटतात, आणि वर बापाच्या नावावर ढकलतात.

"चल," मी आर्डिथला म्हटलं. "त्याचं तोंड बघायला तूही हवीस."

५

सकाळी आवारात सगळे होते. ग्लेंडा, रॉइस, ट्रकला टेकलेला कर्टिस. मी पुढच्या कोंडवाड्यातल्या एका म्हाताऱ्या गायीला खोड्यात घ्यायला लावलं आणि थंडगार डागणी तिच्या भादरलेल्या पुठ्ठ्यावर ठेवली. डब्याला झाकण बसावं तशी ती डागावर बसली. तुटक्या टोकाखाली डागही बोथट होता.

"हीच डागणी," ग्लेंडा म्हणाली.

"हीच. आता डाव्या बरगडीचा डाग बघ. डेलमारची डागणी तळहाताएवढी असते आणि इथे डाग दीड वीत झालाय. का?"

"कारण तो वासरू असताना मारला. जनावर वाढतं तसा डाग वाढतो," ग्लेंडा म्हणाली. तिला हे मी शिकवायचं म्हणजे कमालच होती, पण मला ते सगळ्यांच्या देखत म्हणून घ्यायचं होतं.

"आणि हा उजवा डाग डागणीएवढाच आहे. म्हणजे गाय पूर्ण वाढल्यावर मारलेला. ताजा आहे, यंदाच्या उन्हाळ्यातला! कर्टिस, तुझ्या बापाला जाऊन तेव्हा किती महिने झाले होते रे?"

रॉइस कुंपणापासून दोन पावलं मागे सरकला. कर्टिसने टोपी खाली ओढली.

"म्हाताऱ्या गायीवर मारलेला डाग उन्हाळ्यातला असो की त्याआधीचा, तेवढाच दिसणार," तो म्हणाला. "ती कुठे वाढतेय आता?"

"बरं! मग तरणी बघू," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला थांबायचंच नव्हतं. "मागच्या कोंडवाड्यातली कालवड घ्या. गाभण कालवडी आहेत ना विकायला? आण एक."

कालवड खोड्यात आली. ग्लेंडाने पुठ्ठा भादरला. मी डागणी टेकवली.

डागणी कमी पडली.

चंद्रकोर लोखंडाच्या चारी बाजूंनी बाहेर डोकावत होती. मी दुसरी कालवड मागवली, तिसरी मागवली. सगळ्यांच्या पुठ्ठ्यावरचा डाग डागणीहून मोठा, आणि प्रत्येकीच्या चंद्रकोरीचं एक टोक बोथट.

ग्लेंडा पुढे झाली आणि तिने डाग बोटांनी मोजला.

"ही गेल्या वर्षीच्या वसंतातली," ती म्हणाली. "डाग एवढा ताणायला तिला वर्षभर वाढावं लागलं असणार. हा यंदाचा नाही, विल्डा. गेल्या शरदातला आहे. वासरं आयांपासून तोडतात तेव्हाचा."

मी डागणी हातात धरून उभी राहिले. गेल्या शरदात डेलमार जिवंत होता. गेल्या शरदात आर्डिथ इस्पितळात होती, आणि ती सलग घरात नव्हती असे तेवढेच दिवस. तेव्हा त्या घरात एकच माणूस राहत होता. त्याला पातेल्यांशेजारून डागणी काढायला कोणाची परवानगी लागत नव्हती. काम झाल्यावर ती रंगवून पुन्हा तिथेच टांगायची गरजही फक्त त्यालाच होती. चोराने कशाला रंग दिला असता? बायकोच्या लक्षात येऊ नये असं वाटणाऱ्यानेच तो दिला.

"डेलमार," मी म्हटलं.

कर्टिसने टोपी वर केली. "काल तेच सांगत होतो."

मला त्या क्षणी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही, कारण तो मला अजूनही आवडत नव्हता.

६

"खोटं," आर्डिथ म्हणाली. "साफ खोटं. कशासाठी करेल तो असं?"

कर्टिस तिच्याकडे न बघता बोलला, जणू गायीलाच सांगत होता.

"डॉक्टरने छातीचं सांगितलं होतं त्याला. तुम्ही इस्पितळात होतात. म्हणाला, मी गेल्यावर मृत्युपत्रावरून तुम्ही दोघं एकमेकांचे गळे धराल. जिवंतपणी दिलेलं कोणी मागत नाही. मग दोन दिवस आम्ही खोडा चालवला. मी गाई सोडत होतो, तो डागत होता. वसंतात वासरं डागायला सगळे शेजारी जमले की तिलाच खोड्यापाशी उभी करीन म्हणाला, मग तिला कळेल. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मला बजावलं."

"आणि तो गेल्यावर?" मी विचारलं.

"दफनाच्या संध्याकाळी आलो होतो सांगायला. तुम्ही तोंडावर दार आपटलंत. मग म्हटलं, मरू दे. गाई तिच्याकडेच जातायत. कराचं मला काय ठाऊक?"

मला वाटलं आर्डिथ रडेल. ती ओरडली.

"पंचेचाळीस वर्षं! वाढदिवसाला कधी फूल आणलं नाही. मी आजारी पडले तर म्हणायचा, उठशील. आणि द्यायचं सुचलं तेव्हा हे, तेही मला न सांगता! काही केलं नसतं तरी गाई मला आल्याच असत्या, कराशिवाय! एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का रे तुझी, डेलमार?"

ती मेलेल्या माणसावर ओरडत होती आणि आम्ही जिवंत माणसं खाली बघत होतो. मला तिची कीव आली, आणि त्याचीही, आणि दोघांचा राग आला. आमच्या या टेकड्यांत बोलणं म्हणजे उधळपट्टी समजतात. तिथे एका माणसाने आपली सगळी माया तापल्या लोखंडाने गाईंवर लिहिली, आणि तीच त्याच्या बायकोला महाग पडत होती.

"विल्डा," आर्डिथ माझ्याकडे वळली. "लिही, गाई त्याच्या होत्या. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. खोट्यावर मी सही करत नाही."

"मग जा मसणात!"

रॉइस खाकरला. "आर्डिथबाई, कशाला जिवाला त्रास? कुरण जाऊ द्या. उरलेल्या गाईंचा मी चांगला भाव देतो."

ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती खोड्यातल्या कालवडीजवळ गेली आणि भादरलेल्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, बाहीने, रागारागाने.

"मी या विकल्याच नाहीत तर?"

"तर कर नाही," मी म्हटलं. "विकल्यावरच लागतो."

"आणि मी मेले की?"

"नवी मूळ किंमत लागेल. गाईंना आणि टेकड्यांनाही. ज्याला मिळेल तो दुसऱ्या दिवशी विकू शकतो."

"म्हणजे माझ्या जिवंतपणी यांची किंमत शून्य आणि मरणाने सोनं."

"कायदा तसाच आहे."

ती सावकाश वळली आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा कर्टिसशी बोलली.

"माझ्याकडे गाई आहेत, चारा नाही. तुझ्याकडे चारा आहे, गाय नाही. कुरण या गिधाडाला विकायचं नाही. दर हिवाळ्यात माझ्या सगळ्या कळपाला गवत घालायचं. मी मेले की गाई, घर, टेकड्या, सगळं तुझं. विल्डा लिहून देईल, आणि तुला मागे घेता येणार नाही असं लिहील. मलाही."

"ऐकू नकोस, कर्टिस," रॉइस म्हणाला. "आपला शब्द झालाय. माझे पैसे आज मिळतायत. ही म्हातारी कधी जाईल कोण सांगणार?"

कर्टिसने टेकड्यांकडे पाहिलं. मग आर्डिथकडे, वरपासून खालपर्यंत, विकायला आणलेल्या गायीकडे बघावं तसं.

"खुबा कसा आहे?"

"पोलादी आहे."

"किती वर्षं जगायचा बेत आहे?"

"माझी आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली," आर्डिथ म्हणाली, "आणि ताटकळत ठेवायला तिला तर तुझ्याइतकं नकोसं कोणी नव्हतं."

कर्टिस पुन्हा थुंकला, पण या वेळी दुसऱ्या बाजूला. "पहिल्या बर्फाच्या आत गवत टाकतो. घरापाशी येणार नाही."

"बोलावलंय कोणी?"

ग्लेंडाने वहीत मालकाच्या जागी आर्डिथचं नाव लिहिलं आणि लिलाववाल्याला गाई परत जाणार म्हणून सांगितलं. रॉइस शिव्या देत निघून गेला. मी ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरला, दोघांच्या अटी साध्या शब्दांत उतरवल्या, ग्लेंडाला साक्षीदार केलं आणि माझं पेन पुढे केलं. आर्डिथने सही केली. कर्टिसने तिच्या हातातलं पेन घेतलं नाही, तो ट्रकमध्ये स्वतःचं शोधायला गेला.